एका दुपारी तीन रात्री

डोंगरावरच्या त्या बत्तीस घरांच्या वस्तीत मास्तरांना येत नाही अशी एकही गोष्ट नव्हती. निदान मास्तरांचं तरी तसं ठाम मत होतं. तीस वर्षं शाळा चालवून ते निवृत्त झाले, पण शिकवायची सवय काही सुटली नाही. सुताराला ते रंधा कसा धरावा ते सांगत, आणि बाळंतिणीला बाळ.

वस्तीपर्यंत विजेचे खांब कधी पोचलेच नव्हते. शेवटी एका संस्थेनं तिथं उन्हावरची वीज द्यायचं ठरवलं. अट एकच होती. वस्तीतल्याच कुणीतरी सहा महिने बाहेर राहून हे काम शिकायचं आणि परत येऊन सांभाळायचं. मास्तरांनी कुणी विचारायच्या आतच बॅग भरली.

निवड करायला इंजिनीअरबाई आल्या, त्या मास्तरांच्याच घरी उतरल्या. मास्तर त्यांना तासभर वीज म्हणजे काय ते समजावून सांगत होते. बाई मात्र चुलीपाशी बसलेल्या मास्तरांच्या बायकोकडे, काकूंकडे बघत होत्या. काकू तुटलेल्या कंदिलाला तार गुंडाळत होत्या. बाईंनी त्यांना दोन प्रश्न विचारले आणि कागदावर नाव लिहिलं. नाव काकूंचं होतं.

मास्तरांच्या हातातली बशी कलली आणि चहा धोतरावर सांडला. त्यांना तो पोळलाही नाही.

"अहो बाई, ही तिसरी नापास आहे."

"पास," काकू म्हणाल्या. "चौथीला बसले नाही, एवढंच."

"शिकलेली माणसं शिकून शहरात निघून जातात मास्तर," बाई म्हणाल्या. "काकू परत येतील."

आणि काकू आल्या. वस्तीत दिवे लागले, पाण्याच्या टाकीला पंप बसला, पिठाची गिरणी विजेवर फिरू लागली, दवाखान्याच्या खोलीत लशींचा फ्रीज आला. काकूंना सगळे 'दिवेवाल्या काकू' म्हणू लागले. मास्तरांना लोक अजूनही मास्तरच म्हणत, पण परगावचा कुणी आला की ओळख करून देत, "हे आपल्या दिवेवाल्या काकूंचे मिस्टर." मास्तर हसत. घरी आल्यावर हसत नसत.

त्या दिवशी काकू पलीकडच्या डोंगरावरच्या वस्तीत सौर पॅनल पुसायला गेल्या होत्या. दुपारी बाराच्या सुमारास गिरणीवाला दारात आला.

"काकू आहेत का? गिरणी एकदम बंद पडली."

"काकू कशाला हवी? मी आहे ना."

गिरणीवाल्यानं जरा मान खाजवली. पण मास्तरांनी त्याला लहानपणी पाढे न आल्याबद्दल बाकावर उभं केलेलं होतं, त्यामुळे तो बाजूला झाला. मास्तरांनी खुंटीवरची किल्ली घेतली आणि बॅटऱ्यांची खोली उघडली.

वस्तीतली वीज वेळेनुसार वाटणाऱ्या भिंतीवरच्या यंत्राचा छोटा पडदा उजळलेला होता. त्यावर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: भार जास्त झाला. पाच मिनिटं थांबा.

"बघ, वाचता येण्याचा हा फायदा," मास्तर म्हणाले. "पाच मिनिटं थांबायचं."

ती पाच मिनिटंही मास्तरांना धीर निघाला नाही. नुसतं उभं काय राहायचं, म्हणून त्यांनी एक बटण दाबलं. यादी आली. यादीत 'भाषा' असा शब्द दिसला. भाषा हा तर त्यांचा विषय! त्यांनी ते दाबलं.

पडद्यावरची सगळी अक्षरं नाहीशी झाली. त्यांच्या जागी काड्या, चौकोन आणि फटकारे आले. जगाच्या कुठल्या टोकाची ती लिपी होती, देव जाणे. मास्तरांनी चष्मा पुसला. काड्या अधिक ठळक दिसू लागल्या.

"काय झालं मास्तर?"

"काही नाही. तू गिरणीत जाऊन बस."

तो गेल्यावर मास्तरांनी परतीची वाट शोधायला सुरुवात केली. आत, बाहेर, पुन्हा आत असं करता करता ते भलत्याच पानावर पोचले. वरचं बटण दाबलं की एक आकडा हलत होता. म्हणजे काहीतरी घडतंय, या समाधानात ते दाबत राहिले. तो आकडा यंत्राच्या घड्याळाचा होता, आणि प्रत्येक दाबाला वस्ती एक तास पुढं सरकत होती, हे त्यांना कोण सांगणार?

सात वाजले आणि भर उन्हात रस्त्यावरचे दिवे लागले. दहा वाजले आणि ते विझले. पहाटेचे पाच झाले, पंप सुरू झाला. टाकी आधीच काठोकाठ भरलेली होती, ती धो धो वाहू लागली. सहाला पाण्याचा भोंगा वाजला. अर्धी वस्ती डोळे चोळत हंडे-कळशा घेऊन बाहेर आली, आणि डोक्यावरच्या सूर्याकडे बघत तशीच उभी राहिली.

गिरणीला वीज दहाला मिळायची. गिरणीवाला तेव्हा झाकण काढून आत साठलेलं पीठ झाडत होता. नशीब, त्या क्षणी हात बाहेर होता. यंत्रातले दहा वाजले, गिरणी घरघरली आणि सगळं पीठ त्याच्या अंगावर उडालं. तो पांढराफटक होऊन बाहेर धावला, तो नेमका टाकीखाली. वरून पाणी कोसळतच होतं. दारात बसलेल्या त्याच्या आईनं समोरून एक मोठा, चिकट, ओळख न पटणारा गोळा येताना पाहिला आणि दार लावून घेतलं.

"आई, मी आहे."

"असशील," आतून आवाज आला. "आधी वाळ."

इकडे मास्तर घामाघूम झाले होते. बाहेरचा गलका कानावर येत होता, आणि थांबलो तर सगळं असंच राहील या भीतीनं ते आणखी जोरात दाबत होते. वस्तीत दुसरी रात्र झाली, दुसरी पहाट झाली. भोंगा पुन्हा वाजला. मग तिसऱ्यांदा दिवे लागले. अखेर मास्तरांनी धीर सोडला आणि भिंतीवरचा मुख्य स्विचचा दांडा खाली ओढला.

खट्. सगळं शांत झालं. दिवे, पंप, गिरणी, भोंगा, आणि तो काड्यांचा पडदासुद्धा.

दाराशी जमलेल्या बायकांतून कुणीतरी हळूच विचारलं, "आणि लशींचा फ्रीज?"

उद्या नर्सबाई येऊन नऊ बाळांना लस टोचणार होत्या. मास्तरांनी दांडा वर ढकलला, तो बसेना. खाली ओढला, वर ढकलला. ढिम्म. तीस वर्षांत प्रथमच वस्तीनं मास्तरांना पळताना पाहिलं. एक चप्पल दारातच राहिली. पलीकडच्या डोंगरावर जाऊन काकूंना आणायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

उतारावरच काकू समोरून झपाझप येताना दिसल्या.

"अगं, तू कशी काय?"

"तिकडं ऐकू येत होतं की सगळं. भोंगा एकदा वाजला, म्हटलं बिघाड असेल. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा कळलं, तुम्ही आत शिरलात."

काकू खोलीत गेल्या. दांडा आधी पार खाली दाबून मग वर केला, तो बसला. पडदा उजळला. काकूंची बोटं चालू लागली. "तीन खाली, आत, दोन खाली, आत," असं त्या पुटपुटत होत्या. दोन मिनिटांत यंत्राचा पंखा फिरला आणि पलीकडून फ्रीजची घरघर ऐकू आली. लशी थंडच होत्या. बाहेर लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मास्तर पडद्याकडे बघत होते. त्यावर काड्याच होत्या.

"अगं, हे तुला वाचता येतं?"

"वाचतंय कोण?" काकू म्हणाल्या. "तिथं शिकायला आम्ही वीसजणी वीस ठिकाणच्या. शिकवणारीची भाषा आम्हाला कळेना, आमची तिला. बोटं मोजून शिकलो. वाचत बसले तर गिरणीवाला ओरडतो."

मास्तर पोत्यावर बसले. तीस वर्षं ज्या अक्षरांसाठी त्यांनी छड्या मोडल्या, त्यांच्यावाचून वस्तीतला एकही दिवा अडत नव्हता.

"निदान मराठी तरी परत आण."

"ते कुठं असतं ते मोजलेलं नाही मी. राहू दे, काय अडलंय?"

चार दिवसांनी इंजिनीअरबाई पाहणीला आल्या. मागोमाग सगळी वस्ती. गिरणीवाल्याच्या कानात अजून पीठ होतं. बाईंनी पडदा बघितला आणि त्या चक्रावल्याच.

"ही भाषा इथं कुणाला येते?"

मास्तर जमिनीकडे बघत होते. ते काकूंनी पाहिलं.

"आमच्या ह्यांना," त्या म्हणाल्या. "ह्यांना सगळं येतं."

बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी पिशवीतून विटेएवढं जाड पुस्तक काढलं आणि मास्तरांच्या हातात ठेवलं.

"मास्तर, देवासारखे भेटलात. हे या यंत्राचं मूळ पुस्तक, याच भाषेतलं. दोन वर्षं मी याचं मराठी करून देणारं माणूस शोधतेय. पुढच्या महिन्यात न्यायला येते."

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं. काकू पॅनल पुसायचं फडकं पिळत होत्या. समोर अख्खी वस्ती कौतुकानं बघत होती. मास्तरांनी पुस्तक उघडलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पहिलं पान गंभीरपणे उलटलं.

"मास्तर," बाई हळूच म्हणाल्या, "उलटं धरलंय."