रशीद सरांचं उघडं दार

रशीद सर दाराला कडी लावत नसत. तेही नवीन जालन्यात, स्टेशनाच्या इतक्या जवळ राहून. "आझाद आदमी हाय मी, भाऊ. कडी गुलामाच्या दाराला." एकदा चोर येऊन गेला. घरात काहीच न सापडल्यानं तो जाताना दार नीट लोटून गेला, हे सर कौतुकानं सांगत.

उर्दू शाळेतून निवृत्त झालेले सर एकटेच राहत. भावाशी बिनसलं तेव्हा "आज से मैं आझाद" म्हणून त्यांनी कुंभार पिंपळगाव सोडलं, आणि पुढं आयुष्यभर तो एक शब्दच पाळला. दरवर्षी मराठवाडा मुक्तिदिनाला पाहुण्यांचं भाषण रंगात आलं की सर उभे राहत.

"साहेब, आझाद म्हंजे काय?"

"स्वतंत्र."

"हा आजचा झाला. पुराना अर्थ सांगा."

साहेब चहा मागवत. तो जुना अर्थ सरांनी आम्हालाही कधी सांगितला नाही. विचारलं की म्हणत, "मंग सांगतो. जल्दी काय हाय?"

यंदा पुतणीचं लग्न निघालं. इतक्या वर्षांनी भावाचा फोन आला. सरांनी कपाटातली शेरवानी काढली आणि शेजारी म्हणून मलाही सोबत घेतलं. बसमध्ये बजावलं, "आमच्यात घरचे वाढतात, मेहमान बसतात. मी दालचा वाढून राह्यलो असंन, तुमी आरामात खा."

मांडवात पोचताच सरांनी बाह्या सरसावून डाळ-गोश्ताच्या त्या दालच्याची बादली उचलली. पुतण्या धावत आला. त्यानं अदबीनं, अगदी अदबीनं, ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"चच्चा, तुमी बैठो ना. मेहमान लोगां काम नै करते."

सरांना माझ्या शेजारी, पहिल्याच पंगतीत बसवलं. दालचा वाढणारा पुढ्यात आला तेव्हा त्यांनी ताटावर हात धरला.

परतीच्या बसमध्ये बसलो. सर आपणहून बोलले.

"जुन्या फारसीत आझाद म्हंजे मोकळा न्हाई, भाऊ. खानदानात पैदा झालेला. घरचा. गुलाम बाहेरून आणलेला, त्याला घर न्हाई. जो घरचा, तोच आझाद. मोकळा वगैरे लोकांनी नंतर केलं."

"मग दार कशाला उघडं ठेवलंत?"

"घरचा माणूस कडी वाजवत न्हाई. लोटून सीधा आत येतो."

संध्याकाळी घरी पोचलो. मी माझ्या दारात किल्ली शोधत असताना शेजारून कडीचा आवाज आला. गंजली होती. लागायला बराच वेळ गेला.