चादरीतले वकीलसाहेब

काकूंचा आत्मविश्वास त्या दिवसांत नुसता उतू चालला होता. "अहो, यंदा मांजराची मिशीसुद्धा माझ्या हातून सुटायची नाही," असं त्यांनी नवऱ्याला ठणकावून सांगितलं.

मागच्या वेळी मिशी सोडा, अख्खं मांजर सुटून परीक्षकांच्या खांद्यावर जाऊन बसलं होतं! पोरं मार्गी लागल्यावर काकूंनी पशुवैद्यकीय तंत्रज्ञाच्या पदवीला नाव घातलं. लेखी परीक्षेत त्या वर्गात पहिल्या. पण मांजर टॉवेलात गुंडाळून त्याचे कान तपासायच्या प्रात्यक्षिकात नापास. आता ही शेवटची संधी होती. ती हुकली की पदवीवर पाणी सोडायचं.

घरात मांजर नव्हतं. नवरा होता.

कोर्टात समोरच्याला सळो की पळो करून सोडणारे वकीलसाहेब रोज संध्याकाळी निमूटपणे चादरीत गुंडाळून घेऊ लागले. "अहो, मान इकडे करा. शहाणे माझे ते. चावायचं नाही हं," असं म्हणत काकू त्यांच्या कानामागे हळूच खाजवत. आधी साहेबांनी हरकत घेतली. पण इतक्या वर्षांच्या संसारात एवढ्या मायेनं त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं. पुढे पुढे तेच चादर घेऊन वाट बघत बसू लागले.

एकदा सासूबाई न कळवता आल्या. लेक गाठोडं होऊन पडलाय आणि सून त्याच्या कानात बॅटरी मारतेय, हे पाहून त्या दारातच मटकन बसल्या.

"काय झालंय गं ह्याला?"

"काही नाही हो आई, ह्यांच्यावर मांजराचा सराव करतेय."

सासूबाईंनी असे काही फोन फिरवले, की काकू चादरीची गाठ सोडेपर्यंत मामा आणि आत्या दारात हजर. "मी अगदी बरा आहे," असं साहेब गाठोड्यातून कळवळून सांगत होते. "सगळे असंच म्हणतात," मामा म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले.

परीक्षेत काकूंच्या वाट्याला बोका आला. चांगला दांडगा, एक कान फाटलेला, जगाशी भांडण असलेला. बोका गुरगुरला, आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, असं काय करता? मान इकडे करा बरं."

वर्ग खुसखुसला. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोका मात्र चपापला; जन्मात त्याला कोणी अहोजाहो केलं नव्हतं. त्यानं मुकाट्यानं गुंडाळून घेतलं, आणि "दुसरा कान दाखवता का?" म्हटल्यावर तोही दाखवला.

"हा मला जवळसुद्धा येऊ देत नाही," परीक्षक थक्क होऊन म्हणाले. "तुम्ही सराव केलात तरी कुठल्या मांजरावर?"

"घरच्याच," काकू लाजून म्हणाल्या.

पास झाल्याची बातमी घेऊन काकू जवळजवळ नाचतच घरी आल्या. साहेबांना मनापासून आनंद झाला, आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे आता सराव संपला?"

"छे हो! पुढचं प्रात्यक्षिक ताप मोजायचं आहे."

साहेब खुलले. लगबगीनं चादर आणून त्यांनी स्वतःला गुंडाळून घेतलं, डोळे मिटले आणि मोठा आ वासला.

काकूंना त्यांची फार दया आली. थर्मामीटर झटकत त्या मायेनं म्हणाल्या, "तोंड मिटा हो. जनावरांचा ताप तोंडात नसतात मोजत."