बापूकाकांचा रिनोचा शनिवार

आमच्या सॅक्रामेंटोच्या बापूकाका देवस्थळ्यांबरोबर रिनोला, म्हणजे डोंगरापलीकडच्या कॅसिनोंच्या गावाला, जायचं असेल, तर आधी त्यांच्या गराजमध्ये परीक्षा द्यावी लागे. भारतातून आलेल्या आईवडिलांना ते घडीच्या खुर्च्यांवर ओळीने बसवत आणि स्वतः छत्री घेऊन भिंतीवरच्या नकाशासमोर उभे राहत. "कॅसिनोत घड्याळ नसतं, खिडकी नसते. का नसते?" कुणीतरी आजोबा भीत भीत म्हणत, "थंडी येऊ नये म्हणून?" काका छत्री आपटत. "नापास! तुम्हाला वेळ कळू नये म्हणून! पुढच्या ट्रिपला या."

मग सूचना. चपला चालणार नाहीत, साडीखाली लोकरीचे पायमोजे आणि बूट. सिएराचा डोंगर चढायचाय, कान बंद झाले तर आवंढा गिळा. पेट्रोल पायथ्याशीच भरायचं, बर्फासाठी चाकांच्या साखळ्या डिकीत हव्यातच. बफेत घेवड्याच्या उसळीसारखं जे दिसतं त्यात डुकराचं मांस असतं, मॅकरोनी बिनधास्त खा. फुकट ड्रिंक विचारायला बाई आली तर "ऑरेंज ज्यूस" म्हणा आणि तिला टिप द्या. पाच सेंटचं नाणं टाकून खेळायच्या मशीनपलीकडे जायचं नाही. हरवलात तर मोठ्या रस्त्यावरच्या दिव्यांच्या कमानीखाली उभे राहा, मी शोधत येतो. आणि शनिवारी कधीही जायचं नाही! खोल्या महाग आणि बफेला ही लांब रांग.

काका सरकारी नोकरीत पुलांचे इंजिनिअर. लग्न केलेलं नाही. इतक्या वेळा रिनोला जाऊन या माणसाने एकदाही मशीनचा दांडा ओढला नव्हता. "मी बसत नाही. मी कोट सांभाळतो," म्हणायचे. आणि खरोखरच दोन्ही हातांवर सगळ्यांचे कोट घेऊन दिवसभर उभे राहायचे.

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या निम्म्या लोकांना हे पसंत नव्हतं. जुगाराच्या गावाला म्हातारी माणसं नेतो म्हणजे काय! काकांच्या तोंडावर कुणी बोललं, की ते छाती पुढे काढत. "नेतो. मग काय, फाशी देणार?"

तर असे हे नियमांचे पक्के काका वर्षातून एकदा स्वतःच शनिवारी निघत. तोही नेमका जानेवारीतला, मंडळाच्या हळदीकुंकवाचा शनिवार. त्या दिवशी व्हॅनमध्ये फक्त आज्या. हळदीकुंकू असायचं सुलभाताईंकडे, आणि त्यांचं नि काकांचं कधीपासून वाजलेलं, त्यामुळे हा मुद्दाम केलेला खोडसाळपणा आहे असं सगळे धरून चालत. मीही.

त्या वर्षी माझी आई वाईहून आमच्याकडे आली होती. बाबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. संक्रांतीच्या आठवड्यात सुलभाताईंचा फोन आला. "तू लवकर ये हं, डिशेस भरायला. आईंना पण आण. त्यांना खाली बोअर होईल गं, वरच्या बेडरूममध्ये टीव्ही लावून देऊ. किड्सही असतील वर, त्या बघतील त्यांना."

आवाजात मायाच होती, म्हणून तर माझं डोकं जास्त तापलं. सात समुद्र ओलांडून आलो आणि सामानात ही वरची खोलीही बांधून आणली आपण! आई मात्र शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मी बघेन मुलांना." तिचं ते "बरोबर आहे" मला सहन होईना.

तेवढ्यात बापूकाकांचा फोन. ना हॅलो, ना काही. "तुझ्या आईंकडे पायमोजे आहेत का?"

मी सुलभाताईंना फोन करून आमचं हळदीकुंकवाला येणं कॅन्सल केलं. "सणासुदीला कॅसिनो? अगं, लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या. "म्हणू देत," म्हटलं आणि फोन ठेवला. आईला तयार करायला मात्र पुढचे सगळे दिवस गेले.

शनिवारी सकाळी व्हॅनमध्ये मागे वळून पाहिलं. चार आज्या, माकडटोप्या, मफलर. चारही कपाळं मोकळी. काका आजवर या शनिवारी कुणाकुणाला नेत आले ते एकेक आठवलं, आणि मी पुन्हा पुढे तोंड केलं.

खिंडीच्या अलीकडे बर्फ सुरू झाला. साखळ्या लावल्याशिवाय कुणालाच पुढे सोडत नव्हते. काकांनी कचऱ्याची काळी पिशवी गळ्यातून घातली आणि व्हॅनखाली शिरले. खालून साखळीला मराठीत शिव्या, वरून आज्यांच्या सूचना. "अहो, जरा जोर लावा!" नागपूरच्या आजी काच खाली करून ओरडल्या. "लावतोय!" खालून आवाज आला. आई कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

कॅसिनोत शिरताच बाकीच्या तिघी पाच सेंटच्या नाण्यांनी भरलेले कप घेऊन पटापट बसल्या. आई भिंतीला टेकून उभी, पदर घट्ट धरून. "मी इथे कडेलाच बरी. तुम्ही खेळा."

काका कोटांच्या ढिगासकट तिच्यापाशी आले. छत्री आपटणाऱ्या माणसाचा इतका खालचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"मावशी, माझ्या आईला इकडे आणायचे सगळे कागद मी केले होते. ती म्हणाली, तिथे तरी मला कुठे बसवणार आहेस? आतल्या खोलीतच ना? मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. ती गेल्यावर सुचलं."

"काय सुचलं?"

"इथे." त्यांनी हनुवटीने रांगेच्या अगदी मधली लाल खुर्ची दाखवली. "दिव्यांखाली. सगळ्यांच्या मधोमध."

आईने पदर खोचला. मग ताठ चालत गेली आणि त्या खुर्चीवर बसली. "व्हॉट कॅन आय गेट यू, स्वीटहार्ट?" ट्रे घेऊन आलेल्या बाईने विचारलं. "ऑरेंज ज्यूस," आई म्हणाली. परीक्षेत पास.

दहाबारा वेळा दांडा ओढला असेल, तोच मशीनवरची घंटा ठणाणा वाजायला लागली आणि नाणी धडाधड खाली पडू लागली. सगळे वळून बघायला लागले. हॅटवाल्या एका धिप्पाड गोऱ्याने टाळ्या वाजवल्या. आई सवयीने अर्धवट उठली, कडेला व्हायला. मग थांबली आणि परत खाली बसली.

"बापू," ती म्हणाली. सकाळी व्हॅनमध्ये चढताना "बापूराव" होते ते. "ये, बस इथे शेजारी."

"मी बसत नाही, मावशी. नियम आहे माझा."

"मोडलास तर काय, फाशी देणार?"

काका बसले. कोट तसेच मांडीवर. आईने पर्समधून तिळाचा लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला. काकांनी चष्मा काढला. डोळे पुसायला रुमाल शोधू लागले, पण तेवढ्या कोटांच्या ढिगाखालून तो काही निघेना. तेव्हा आईने पदर पुढे केला.