पडणाऱ्या माणसांची सदतीस कव्हरं

जगदेवीच्या नजरेतून काही सुटत नाही, असं गल्लीत सगळे म्हणत. सगळ्यात जास्त ती स्वतःच म्हणे. निलंग्याची बी.ए. झालेली पोर लातुरात सून म्हणून आली, आणि तेव्हापासून घरात ना दूध उतू गेलं, ना लेकीचा, महानंदाचा, गुडघा फुटला. पोर सात वर्षांची झाली तरी एक ओरखडा नाही, हे ती टँकरच्या रांगेत अभिमानानं सांगायची. बाकीच्या बाया मग गुपचूप आपापल्या पोरांचे गुडघे झाकायच्या.

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, पाऊस तेवढा यायचा राहिला. पाणी तिसऱ्या दिवशी टँकरनं यायचं, घराला दोन घागरी. साहेब लोकांची बदली झाली की त्यांची रद्दी जगदेवीचे सासरे गुरुपादप्पा यांच्या किराणा दुकानात येई. त्या उन्हाळ्यात एक अख्खी पेटी आली, जुन्या इंग्रजी कॉमिक्सची. गुरुपादप्पांनी आतली पानं फाडून जिऱ्या-हळदीच्या पुड्या बांधल्या. कव्हरं मात्र गुळगुळीत, पुडी बांधली की आपोआप सुटायची. ती कोपऱ्यात पडली आणि महानंदानं घरी आणली. मोजून सदतीस.

जगदेवीनं ती जमिनीवर मांडली आणि तिच्या अंगावर काटाच आला. माणसं वेगळी, साल वेगळं, पण चित्रं जणू एकाच आईची लेकरं! नऊ कव्हरांवर तो अंगाला चिकटलेल्या कपड्यांतला पैलवान आडवा, आणि त्याच्या छातीवर कुणाचा तरी बूट. सहांवर एक पैलवान दुसऱ्या निपचित पैलवानाला दोन्ही हातांवर घेऊन येतोय आणि मागं लोक रडताहेत. पाचांवर थडगं, दगडावर त्याचंच नाव. तीन कव्हरांवर गोरिला, का ते देवाला ठाऊक. आणि तब्बल चौदा कव्हरांवर तो उंच इमारतीच्या काठावर तरी उभा, नाहीतर खाली तरी पडतोय. गळ्यात लाल कापड, आणि ते कापड दर वेळी डावीकडंच फडफडतंय.

"मामा, ह्ये सगळे मरतेत की ओ," ती सासऱ्यांना म्हणाली.

"कव्हरावर मरतंय, आत वाचतंय," गुरुपादप्पा तराजूवरची नजर न काढता म्हणाले. "मेलं असतं तर पुढचं पुस्तक कशाला निघालं असतं?"

जगदेवीला ते पटलं नाही. आतली पानं आता गल्लीच्या फडताळांत जिरं सांभाळत बसली होती, म्हणजे पुरावा तर गेलाच होता. त्यात मामा शिकलेले चौथी. आणि त्याच संध्याकाळी महानंदा आजोबांचा लाल पंचा गळ्यात बांधून ज्वारीच्या कणगीवर चढलेली सापडली. जगदेवीनं पंचा काढून घेतला, कव्हरं ट्रंकेत कोंबून कुलूप लावलं, आणि रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर लाल कापड डावीकडं फडफडत राहिलं.

दुसऱ्या दिवशी टँकर मैदानाच्या कडेला लागला. जगदेवीचा नंबर अकरावा. शेजारच्या गुणाबाईंना ती कव्हरांची सगळी हकिकत सांगत होती, सहावं थडगं की पाचवं यावर अडली, आणि मागं वळून बघते तो महानंदा नाही!

तिनं रांग बघितली, पिंपळाखाली बघितलं, आणि मग मैदानापलीकडं नजर गेली. तिथं नव्या जिल्ह्याची नवी पाण्याची टाकी उभी होती. बांधून तयार, फक्त पाणी नव्हतं. त्या टाकीच्या अगदी काठावर एक बुटकी आकृती उभी होती. गळ्यात लाल कापड. डावीकडं फडफडणारं.

"माझी पोरगी टाकीवर!" जगदेवी किंचाळली आणि पळत सुटली.

आता पोर पडायला आल्यावर घागर कोण बघतं? अख्खी रांग तिच्यामागं धावली. काही जणी घागर टाकून, काही जणी घागर घेऊनच. टँकरचा ड्रायव्हरसुद्धा चालू पाइप तसाच सोडून पळाला. टाकीखाली कसल्या तरी कार्यक्रमाची सतरंजी अंथरलेली होती. ती बायांनी तिथं बसलेल्या चार पुढाऱ्यांच्या बुडाखालून ओढली, चारी टोकं धरली आणि वर बघून गलका सुरू केला.

वर होते इंजिनिअर साहेब. उंचीनं कमी, नुकतेच बदलून आलेले. खाली त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता, आणि पाहणीचा फोटो निघेपर्यंत ती लाल शाल गळ्यातून काढायची नाही असं ठरलं होतं. त्यांनी खाली बघितलं. चाळीस बाया, निम्म्यांच्या हातात घागरी. साहेबांच्या मनात दुसरं काय येणार? घागर मोर्चा! ते काठावरून मागं सरकले आणि तिथूनच ओरडू लागले, की उद्यापासून रोज टँकर, शब्द देतो, पण आधी सतरंजी खाली ठेवा.

तो जाड पुरुषी आवाज ऐकून जगदेवीनं सतरंजीचं टोक सोडून दिलं.

इतक्यात मागून कुणीतरी तिचा पदर ओढला.

"अव्वा," महानंदा म्हणाली, "मी टँकरच्या सावलीत बसले होते. आपल्या दोन्ही घागरी भरल्या. पण तो पाइप मला बंद करता येईना."

सगळ्या बायांनी एकदम वळून बघितलं. टँकर रिकामा झाला होता. मैदानाची माती काळी पडली होती, आणि त्या चिखलात दोनच घागरी काठोकाठ उभ्या होत्या, गुरुपादप्पांच्या घरच्या. एक बाई हळूच म्हणाली, "शिकलेल्या बाईचं डोकं लई चालतंय." जगदेवीला वाटलं, त्या ओल्या मातीनं आपल्याला पोटात घ्यावं.

दुपारी ती दोन्ही घागरी घेऊन दारोदार गेली, तांब्या-तांब्या वाटायला. विसाव्या दारापर्यंत घागरी संपल्या. उरलेल्या दारांसमोर तिनं नुसताच पदर डोक्यावर ओढला. घरी गुरुपादप्पांनी तहान लागलेली असूनही पाणी मागितलं नाही, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

साहेबांचा रोजचा टँकर काही आला नाही. नेहमीचा मात्र तिसऱ्या दिवशी आला. जगदेवी महानंदाचं मनगट धरून सगळ्यात शेवटी उभी राहिली. बायांनी मागं बघितलं, आपसात काहीतरी कुजबुजल्या, आणि गुणाबाईंनी येऊन तिच्या दोन्ही घागरी उचलून थेट पहिल्या नंबरला नेऊन ठेवल्या. एवढ्या लवकर, एवढी माफी! जगदेवीनं वाकून गुणाबाईंच्या पायाला हात लावला.

"ऱ्हाऊ दे, बाई," गुणाबाई म्हणाल्या. "तू आधी भर, आन् लेकीला घेऊन सरळ घरी जा. तू गेल्याबिगर ड्रायव्हर आमच्यासाठी पाइप सोडना झालाय."