हॉर्नची चिठ्ठी

जुन्या गाडीतून उपसून काढलेल्या त्रेचाळीस वायरी गॅरेजच्या फरशीवर पसरल्या होत्या आणि त्या सगळ्यांचा रंग एकच होता. एके काळी त्यांत लाल, निळी, पिवळी असा काही भेद असणार. पण धूळ, तेल आणि उंदीर या तिघांनी मिळून तो भेद मिटवून टाकला होता. ग्रंथपाल स्टुलावर बसून त्या ढिगाऱ्याकडे बघत होते. तीस वर्षं ग्रंथालयात काढून निवृत्त झालेला माणूस वायरींच्या नादाला का लागला, हा प्रश्न त्यांच्या बायकोने त्या आठवड्यात चार वेळा विचारला होता.

उत्तर सरळ होतं. गाडी त्यांच्या आक्काची होती, म्हणजे खरं तर आक्काच्या यजमानांची. ते जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून गाडी आक्काच्या घरच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. आक्काच्या मुलाला, म्हणजे ग्रंथपालांच्या भाच्याला, तिथे स्वतःची नवी गाडी ठेवायची होती. त्याने आईला सांगून टाकलं होतं की, सोमवारी सकाळी दहाला वाहन तपासणी आहे. गाडी स्वतःच्या चाकांवर तिथे जाऊन पास झाली तर राहील, नाहीतर दुपारी भंगारवाला येईल. भाचा वाईट नव्हता, पण त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला मुदत असे.

आक्का रडली वगैरे नाही. तिने फक्त भावाला फोन केला. म्हणाली, "अरे, तीस वर्षं मी त्या गाडीत त्यांच्या शेजारी बसले. ती भंगारात गेली तर मी बसू कुठे?" यावर ग्रंथपालांनी शब्द देऊन टाकला. आता त्यांचा शब्द म्हणजे काय चीज आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी दुरुस्तीला घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ अकरा वर्षं दोन खोक्यांत होतं. खोक्यांवर सुवाच्य अक्षरात 'घड्याळ, भाग पहिला' आणि 'घड्याळ, भाग दुसरा' असं लिहिलेलं होतं. शिवणयंत्राचे तीन भाग होते. मिक्सरची तर पुरवणीही निघाली होती.

इंजिनाचं काम मिस्त्रीने करून दिलं. वायरिंगला मात्र त्याने हात जोडले. एवढी जुनी गाडी म्हणजे डोक्याला ताप, असं म्हणाला. जाता जाता त्याने एक युक्ती सांगितली. वायर काढण्याआधी तिची दोन टोकं जिथे असतील तिथे एकाच नावाच्या दोन चिठ्ठ्या बांधायच्या, एक डॅशबोर्डमागे बटणापाशी आणि एक दिव्यापाशी. मग सारख्या नावाच्या दोन चिठ्ठ्या नव्या वायरीने जोडल्या की झालं. चिठ्ठ्या म्हटल्यावर ग्रंथपालांचा चेहरा उजळला. हे तर त्यांचंच खातं.

आधी त्यांनी ग्रंथालयाच्या पद्धतीने आकडे घातले. पण बॉनेटपाशी वाचलेला 'सात दशांश तीन, चार अ' डॅशबोर्डखाली उताणं होऊन सरपटेपर्यंत डोक्यातून पार निघून जाई. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "अहो, नातेवाइकांची नावं द्या. ती तरी विसरणार नाही तुम्ही."

ही सूचना तिने चिडून केली होती, पण ग्रंथपालांना ती शास्त्रीय वाटली. त्यांनी जुन्या चिठ्ठ्या काढल्या आणि नव्याने बारसं केलं. हॉर्नला मुलीच्या सासूबाईंचं, म्हणजे विहीणबाईंचं नाव. हेडलाइटला थोरल्या काकांचं. मागच्या ब्रेकलाइटला साडूंचं आणि वायपरला बायकोच्या भावाचं, म्हणजे मेहुण्याचं. बाकीच्या वायरींवर दूरदूरचे आते-मामे-चुलत लागले. सगळ्यांची एक यादी केली, तिच्यात 'कारण' असा एक रकाना आखला आणि ती घडी घालून खिशात ठेवली.

बायकोने गॅरेजमध्ये येऊन हॉर्नवर लटकणारी चिठ्ठी वाचली आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, मुलगी त्या घरात नांदतेय, जरा तरी विचार करा. ग्रंथपाल म्हणाले, बॉनेटमध्ये डोकावून बघतंय कोण?

सगळ्यांनी बघितलं. रविवारी दुपारी आक्काने हौसेने सगळ्यांना चहाला बोलावलं. ग्रंथपाल नेमके फ्यूज आणायला गेले होते. नव्या वायरीचं भलंमोठं लाल भेंडोळं आणताना फ्यूज आणायचे राहिले होते. सगळी वायर लाल एवढ्याचसाठी, की चिठ्ठ्या असताना रंगांची गरज काय, असं त्यांचं मत होतं. फ्यूज तिसऱ्या दुकानात मिळाले आणि परतायला त्यांना दीड तास लागला.

परत आले तर दिवाणखान्यात पाहुणे जमले होते. विहीणबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि रुमालाने बोटांची टोकं पुसत होत्या. थोरले काका मोरीत हात धूत होते आणि त्यांचे हात काही केल्या धुऊन होत नव्हते. साडूंच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर काळा डाग होता. मेहुणा एकटाच खुशीत होता आणि उगाच गुणगुणत होता. 'छान चाललंय हो काम,' असं प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं. ग्रंथपालांना एवढं कौतुक आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, त्यामुळे त्यांना जरा भीतीच वाटली. धावत गॅरेजमध्ये जाऊन बघितलं, तर एकूण एक चिठ्ठी जागच्या जागी लटकत होती. त्यांचा जीव भांड्यात पडला. कोणी पाहिलं नाही, असं त्यांनी बायकोला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत नावाला नाव जोडून सगळं वायरिंग पुरं केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून एखादी वस्तू पुन्हा एकसंध झाली होती. ते गाडीभोवती दोनदा फिरून आले.

तपासून बघायला बॅटरी नव्हती. ती मिस्त्रीकडे चार्ज होत होती आणि सोमवारी सकाळी नऊला आली. किल्ली फिरवली, गाडी खोकली, थरथरली आणि चक्क सुरू झाली. त्या आनंदात दिवेबिवे बघायचं कोणाला सुचतंय? आक्का इस्त्रीची साडी नेसून तयारच होती. ती नेहमीच्या जागी यजमानांच्या सीटशेजारी बसली आणि तिने दरवाजा दोनदा ओढून लावला, कारण तो एकदा ओढून कधीच लागत नसे. भाचा आपल्या गाडीतून पुढे गेला. तपासणी कार्यालयात भेटतो, म्हणाला.

पहिला चौक आला. ग्रंथपालांनी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबली आणि समोरच्या काचेवर दोन्ही वायपर खडखडत फिरू लागले.

"पाऊस नाहीये," आक्का म्हणाली.

ग्रंथपालांनी पाय काढला, वायपर थांबले. पाय ठेवला, परत सुरू. पुढे एक हातगाडी आडवी आली म्हणून त्यांनी हॉर्न दाबला, तर आवाज नाही. नुसते हेडलाइट लखकन पेटले आणि हातगाडीवाला डोळ्यांवर आडवा हात धरून उभा राहिला. आता त्यांना घाम फुटला. हेडलाइटचं बटण ओढून बघितलं, तर पुढे काहीच झालं नाही. पण मागच्या स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि आरशात त्याचं तोंड बराच वेळ हलताना दिसलं. राहता राहिली वायपरची खुंटी. ती त्यांनी फिरवली मात्र, हॉर्न असा काही किंचाळला की बस्स. घाबरून उलटी फिरवायला गेले, तर खुंटीच हातात आली.

हॉर्न थांबेना. रस्त्यावरची माणसं दुतर्फा सरकली, बसने वाट दिली, एक वरात निघाल्यासारखी गाडी मधून चालली होती. लाजेने ग्रंथपालांची मान खाली गेली होती. शेजारी आक्काचे खांदे हलत होते. रडतेय की काय म्हणून त्यांनी तिरपं बघितलं, तर ती पदर तोंडाला लावून हसत होती. दोन वर्षांत तिला असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

"तीस वर्षांत एकदा हॉर्न वाजवला नाही रे ह्यांनी," ती ओरडून म्हणाली. "समोर गाय बसली तर ती उठेपर्यंत पेपर वाचायचे."

मग तिने अंबाड्यातला आकडा काढला, खुंटीच्या भोकात घालून फिरवला आणि हॉर्न गप्प झाला. ग्रंथपालांनी तिला खिशातली यादी काढून दिली. त्यांच्या आता लक्षात आलं होतं. पुस्तकं हरवली नव्हती, ती चुकीच्या कप्प्यांत गेली होती. असं त्यांच्या ग्रंथालयात रोज व्हायचं. कार्यालयाच्या फाटकापर्यंत दोघांनी मिळून नवी मांडणी यादीच्या पाठीवर लिहून काढली. हॉर्नने रस्ता मोकळा करून दिल्यामुळे ते पंचवीस मिनिटं आधीच पोचले होते. यादी वाचताना आक्का एका ओळीवर थांबली आणि मग पुढची नावं वाचू लागली.

तपासनीस गाडीसमोर उभा राहिला. "हेडलाइट," तो म्हणाला. "विहीणबाई," आक्का पुटपुटली. ग्रंथपालांनी हॉर्नचं बटण दाबून धरलं आणि दिवे लागले. तपासनीसाने वहीत खूण केली. वायपर म्हटल्यावर आक्का "साडू" म्हणाली आणि त्यांनी ब्रेक दाबला. हॉर्नला तिने स्वतःच आकडा फिरवला. तपासनीस मागे जाऊन ब्रेकलाइट म्हणाला, तेव्हा "काका" ऐकून ग्रंथपालांनी हेडलाइटचं बटण ओढलं. मागे लाल दिवा लागला. भाचा तोंड उघडं टाकून बघत होता. मामाच्या हातून पुरी झालेली वस्तू तो पहिल्यांदाच बघत होता.

तपासनीस खिडकीपाशी आला. "मघापासून ऐकतोय," तो म्हणाला. "मी वायपर म्हणतो आणि तुम्ही साडू म्हणता, हे काय चाललंय?"

खोटं बोलणं ग्रंथपालांना जमत नसे. त्यांनी यादी पुढे केली आणि सगळं सांगून टाकलं. भाच्याने घड्याळात पाहिलं. भंगारवाल्याला किती वाजता बोलवावं, याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. आक्काने दाराची मूठ घट्ट धरली होती. तपासनीस यादी वाचत होता आणि 'कारण' या रकान्यावर त्याचा वेग मंदावला. साडूंपुढे लिहिलं होतं, 'कोणाचंही काम थांबलं की लाल होऊन पुढे येतात.' मेहुण्यापुढे होतं, 'इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, मध्ये कुठे थांबत नाही.'

"माझेही साडू असेच आहेत," शेवटी तो म्हणाला. "वायरी आठ दिवसांत जागच्या जागी करून आणून दाखवा. तोवर गाडी घराच्या फाटकातून बाहेर काढायची नाही. आज ढकलत न्या." मग त्याने कागदावर 'दुरुस्तीच्या अटीवर मान्य' असं लिहून सही ठोकली. भाच्याने निमूटपणे फोन खिशात ठेवला, बाह्या सरसावल्या आणि मामाबरोबर गाडी ढकलायला लागला. आक्का आत बसून राहिली. उतरणार नाही म्हणाली.

संध्याकाळी सगळे पुन्हा जमले आणि एकेकाने कबुली दिली. हॉर्नवर स्वतःचं नाव बघून विहीणबाईंनी ती चिठ्ठी हेडलाइटवर नेऊन बांधली आणि तिथली काकांची हॉर्नला लावली. मागून काका आले. आयुष्यात आपण कोणाला मोठ्याने हाक मारली नाही आणि आपल्याला हॉर्न केलंय, हे बघून ते दुखावले. त्यांनी साडूंशी अदलाबदल केली. साडू आले, त्यांनाही हॉर्न सोसला नाही. ते वायपरवर गेले आणि हॉर्न मेहुण्याच्या गळ्यात पडला. मेहुणा सगळ्यात शेवटी आला. हॉर्नवर आपलं नाव बघून त्याला इतका अभिमान वाटला की, तो चिठ्ठीला हात न लावता फोटो काढून गेला. डॅशबोर्डमागच्या चिठ्ठ्या मात्र कोणालाच दिसल्या नव्हत्या. ग्रंथपालांनी सर्वांची माफी मागितली आणि चार दिवसांत वायरी बदलल्या. या वेळी चिठ्ठ्यांवर फक्त आकडे होते.

आठव्या दिवशी गाडी बिनशर्त पास झाली. भाच्याने आपली नवी गाडी रस्त्यावर लावली आणि त्याबद्दल कुरकुरही केली नाही. आक्काने ती यादी ग्रंथपालांना परत दिली नाही. ती तिने गाडीच्या कप्प्यात ठेवली. तिच्या नावापुढे 'स्टार्टर' लिहिलेलं होतं आणि कारणाचा रकाना तेवढाच कोरा होता. का रे, असं तिने एकदा विचारलं, तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "तुझं कारण लिहून ठेवायची गरज काय? ते कोण विसरतंय?"

मेहुणा मात्र गावभर फोटो दाखवत सुटला. मीच वाजलो म्हणून गाडी वेळेत पोचली, असं तो सांगे. त्यानंतरच्या रविवारी विहीणबाई स्वतःहून आल्या. चहा घेतला, गाडीला एक प्रदक्षिणा घातली, बॉनेट उघडायला लावलं आणि बराच वेळ आत बघत राहिल्या.

"व्याही," त्या म्हणाल्या, "मूळ यादीत हॉर्न कोणाचा होता, हे तुमच्या मेहुण्यांना जरा लेखी कळवाल का?"