स्टुलावर मी, उतारावर ट्रक

मला इंजिनातलं कळतं. हे मी कुणाला सांगत फिरत नाही. कुणी विचारलं तर सांगतो, आणि नाही विचारलं तर आठवण करून देतो. घरचा मिक्सर मी दोनदा उघडलाय आणि त्यातल्या एकदा तो परत जोडलाही आहे. त्यामुळे सासऱ्यांचा ट्रक बिघडला तेव्हा बायकोला म्हणालो, "मेकॅनिक कशाला? मी आहे की."

ती काही बोलली नाही. अकरा वर्षांच्या संसारात तिच्या न बोलण्याचे सात प्रकार मला ओळखू येतात. हा सहावा होता.

ट्रक सासऱ्यांनी स्वतःच्या लग्नाआधी घेतलेला. आता तो बायकोच्या रोपवाटिकेची माती, कुंड्या आणि रोपं वाहतो. वेगात असला की बरा पळायचा. पण हळू झाला की हुडहुडी भरल्यासारखा थडथडायचा, आरशात एका रिक्षाच्या चार दिसायच्या, आणि चौकात थांबलं की दोनदा खोकून बंद पडायचा. शेवटी सासरे वैतागले आणि भंगारवाल्याला सांगून मोकळे झाले, "रविवारी चारला ये आणि घेऊन जा." ट्रक गेला तर रोपवाटिकेचा गाशा गुंडाळायची पाळी. बायकोनं बापाला विनवलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चारच्या आत सुधारला, तर राहू दे."

रविवारी दुपारी दोन वाजता सासऱ्यांच्या अंगणात मी इंजिनाचं झाकण उघडलं, शेजारी स्वयंपाकघरातलं स्टूल ठेवलं आणि त्यावर चढलो.

"चाकाखाली दगड लावलात का?" बायकोनं विचारलं.

"अंगण सपाट आहे गं."

अंगण फाटकाकडे उतरतं. ते मला ठाऊक होतं, फक्त त्या वेळी आठवत नव्हतं.

युक्ती अशी होती. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका सिलिंडरला डिझेल पोचवणारी नळी जराशी ढिली करायची. आवाज बदलला तर तो सिलिंडर कष्टाळू. नाही बदलला तर कामचुकार तोच. ही विद्या मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर संपादन केली होती. अॅक्सिलरेटर सांभाळायला मात्र कॅबमध्ये कुणीतरी हवं होतं. सासरे बसले. त्यांना कमी ऐकू येतं. त्यांच्या मते लोकच हल्ली पुटपुटतात.

इंजिन सुरू झालं. स्टूल थरथरलं, मी थरथरलो, माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मी पहिली नळी ढिली केली. डिझेलची पिचकारी थेट शर्टावर.

"बाबा, बदल झाला का?"

"बादली? मागे नळाखाली आहे बघ."

"आवाज! आवाज बदलला का?"

"आवाज येतोय की. चांगला मोठा येतोय."

दुसरी नळी. दुसरी पिचकारी. कॅबमधून सासऱ्यांनी न विचारता कळवलं की बादली निळी आहे. तिसऱ्या नळीपर्यंत माझ्या अंगावर इतकं डिझेल होतं की मला किल्ली मारली असती तर मीही सुरू झालो असतो. तिथेच मला वाटलं की चोर सापडला. आवाज नीट ऐकावा म्हणून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढायला हवा होता. मी ओरडलो, "बाबा, सोडा!"

सासऱ्यांनी सोडला. हँडब्रेक.

त्यानंतर इंजिन माझ्यापुढून शांतपणे निघून गेलं. मी स्टुलावर, हातात पाना, आणि समोर मोकळं अंगण. ट्रक मागे मागे जात शेवंतीच्या कुंड्यांच्या दोन रांगा चिरडून फाटकाच्या खांबाला टेकला आणि बंद पडला. कॅबमधून सासरे खुशीत म्हणाले, "बघ, चालतोय की!"

बायको कुंड्यांकडे बघत उभी होती. आता सातवा प्रकार होता. तो मी याआधी एकदाच पाहिला होता आणि त्या महिन्यात मी बाहेरच जेवलो होतो.

साडेतीन वाजले होते. तेवढ्यात सासूबाई झाडू घेऊन आल्या. त्यांनी फुटक्या कुंड्या एका बाजूला केल्या आणि ट्रकची रिकामी झालेली जागा निरखून पाहिली.

"जावईबापू, तुम्ही पुढे काय शोधताय?"

"आई, तिसरा सिलिंडर काम करत नाहीये. जरा तांत्रिक आहे."

"असेल. पण रोज सकाळी झाडताना डिझेलचा डाग मला इथे दिसतो." त्यांनी झाडूनं दाखवलं. "टाकीपासून हातभर पुढे. इंजिनाखाली एकही नसतो."

मी ट्रकखाली सरपटलो. टाकीतून निघणारी रबरी नळी पुढच्या लोखंडी नळीवर बसते, त्या टोकाशी चिरलेली होती. ट्रक उभा असला की तिथून डिझेल गळायचं आणि चालू झाला की तिथूनच हवा आत शिरायची. वेगात ते खपून जायचं, पण हळू झाला की इंजिनाला घास कमी आणि वारा जास्त मिळायचा.

"चिरलेलं टोक कापा, उरलेली नळी परत नीट बसवा आणि क्लिप आवळा," सासूबाई खाली वाकून बघत म्हणाल्या. "पण आधी तुम्ही ढिल्या केलेल्या नळ्या घट्ट करा."

सगळं केलं. इंजिनाजवळचा डिझेलचा छोटा हातपंप मारून नळ्यांत अडकलेली हवा काढली. सासऱ्यांनी किल्ली फिरवली. ट्रक एकदा शिंकला आणि मग पोट भरलेल्या मांजरासारखा गुरगुरत उभा राहिला. बायकोनं डोळ्यांना पदर लावला. आनंदानं की शेवंतीच्या दुःखानं, ते मी विचारलं नाही.

चारला भंगारवाला आला. त्यानं ट्रकचा आवाज ऐकला. मग कोपरापर्यंत काळा झालेला, हातात पाना धरलेला मी त्याला दिसलो.

"तुम्ही दुरुस्त केला?" त्यानं आदरानं विचारलं. "साहेब, माझा टेम्पोही हळू झाला की असाच करतो. उद्या आणू का?"

मी आजूबाजूला पाहिलं. सासूबाई आत गेल्या होत्या.

"आणा की," मी म्हणालो. "हवेचा प्रश्न असणार बहुतेक."

तो गेल्यावर मी हात धुऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि आवाज खाली आणून विचारलं, "आई, उद्या सकाळी तुम्हाला थोडा वेळ आहे का?"