बिनतिकिटाचं पाकीट

विमलबाई कंडक्टर आपल्या गाडीत कुणाला रडू देत नसत. बिडी ओढणाऱ्याला त्या एखाद वेळी सोडतील, पिशवीतल्या कोंबडीकडे डोळेझाक करतील, पण खिडकीशी बसून कुणी डोळ्याला पदर लावलेला दिसला की घंटीची दोरी ओढली जायची आणि गाडी होती तिथे उभी राहायची.

"रडायचं असन तं खाली उतरा. त्या निंबाखाली बसा, पोटभर रडा, मंग चढा. गाडी थांबते."

आणि गाडी खरोखर थांबायची. ड्रायव्हर सलीमभाई इंजिन बंद करून तंबाखू मळायला घ्यायचे. एखादा प्रवासी घड्याळ दाखवून कुरकुर करू लागला तर बाई त्याला म्हणायच्या, "तुमची पाळी येईन तवा तुमच्यासाठीही थांबन. बसा गुमान." उतरलेली बाई निंबाखाली मनसोक्त रडून परत आली की तिला पुढच्या सीटवर बसवायच्या आणि तिच्याशी भेंडीच्या भावाबद्दल बोलायला सुरुवात करायच्या.

मी तेव्हा आमच्या तालुक्याच्या बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे काचेच्या खिडकीआड बसून माइकवर गाड्या पुकारायच्या आणि गाडीला उशीर झाला की त्याचं कारण लिहून ठेवायचं. शिस्तीचं काम, आणि मला शिस्त आवडते. पंक्चर लिहिता येतं. कापसाच्या बैलगाड्यांनी रस्ता अडला, हेही लिहिता येतं. दिवाळीनंतर तर ते रोजच लिहावं लागायचं. पण "प्रवासी रडत होता" हे कारण मी साहेबांना कोणत्या तोंडाने दाखवणार? मी बाईंना समजावलं. "बाई, गाडीत रडू द्या ना हळूच. काय बिघडतं?"

"एक रडला की सारी गाडी रडते, भाऊ," बाई म्हणाल्या. "अन मंग तिकिटं कोण काढन?"

यात अतिशयोक्ती नव्हती. ती वर्षं तशीच होती. कापसाला भाव नव्हता, पाऊस आला तर बोंडअळी घेऊन यायचा, आणि ज्या बातम्या एरवी वर्षातून एकदा कानावर याव्यात त्या आठवड्याला यायच्या. खेड्यात फोन नव्हते. त्यामुळे वाईट निरोप गाडीनेच जायचे. कुणीतरी धावत स्टँडवर यायचं, कंडक्टरला सांगायचं, "ढाणकीच्या पुढं फाट्यावर अमक्याचा जावई राहते, त्याले म्हणा लगेच निघून ये." काय झालं ते कुणी सांगत नसे आणि कंडक्टर विचारत नसे. राठोड, मुळे, सगळेच कंडक्टर हे निरोप नेत. पण नेता नेता त्यांची तोंडं आंबून गेली होती. हळूहळू अशी रीत पडली की निरोप वाईट असला की तो विमलबाईंच्या गाडीने पाठवायचा. बाई फाट्यावर स्वतः उतरायच्या, घरात जाऊन बसायच्या, मग सांगायच्या. गाडी बाहेर उभी. उशिराचं कारण पुन्हा माझ्या डोक्याला ताप.

बाईंचा नवरा ड्रायव्हर होता. तो गेल्यावर त्याच्या जागी या कंडक्टर म्हणून लागल्या. पोरबाळ नाही. स्टँडच्या मागे दोन खोल्यांत राहायच्या. सकाळी "जयभीम, भाऊ" म्हणून खिडकीतून तिकिटांचा ट्रे आत सरकवायच्या तेव्हा नजर माझ्यावर अशी रोखलेली असायची की जणू मीच काल विनातिकीट गेलो होतो.

तर या बाईंच्या डाव्या छातीत गाठ निघाली. कंडक्टरच्या चामडी पिशवीचा पट्टा आडवा छातीवरून जातो, तो तिथे टोचायला लागला. सुरुवातीला त्यांनी पट्ट्याला दोष दिला, पट्टा बदलून मागितला, नवा पट्टाही टोचला. मग त्या नागपूरला गेल्या. तिथे डॉक्टरांनी गाठ काढली, काखेतूनही थोडं काढलं आणि सगळं तपासायला पाठवलं. तपासणीत काय येईल त्यावर पुढचं ठरणार होतं. गाठीच्या कडा साफ असल्या तर छाती राहील. नसल्या तर सगळीच काढावी लागेल, आणि मग कंडक्टरकी राहते की नाही हा प्रश्न.

हे सगळं बाईंनी मला भर स्टँडवर, खिडकीच्या भोकातून, मागे पासवाल्या पोरींची रांग उभी असताना सांगितलं. मी "बाई, हळू" म्हणालो.

"काहून? चोरी केली का म्या?"

आमच्याकडे त्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. बायका "तिथं" म्हणतात. "तिच्या तिथं काही निघालं म्हणे." बाई मात्र भेटायला आलेल्या प्रत्येकीला ठणकावून "छातीची गाठ" म्हणायच्या आणि समोरची लाजून चूर व्हायची. शिवाय त्या वर्षांत लोकांना सांत्वनाची एवढी सवय झाली होती की चेहरा आपोआप तयार असायचा. मान तिरपी, ओठ आत, हातात केळी. बाई दारातच अडवायच्या.

"हा चेहरा कोणासाठी आणला? मी जित्ती आहे अजून. केळी ठेवा, चेहरा बाहेर काढून या."

सलीमभाई भेटायला गेले तर त्यांची वेगळीच पंचाईत. बाईमाणसाच्या छातीचं ऑपरेशन, बघायचं कुठे? ते सगळा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलले. "तबियत कैसी है अब?"

"सलीमभाऊ, क्यालेंडरले काही नाही झालं. मले झालं. इकडं पाहा."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डावा हात रोज थोडा थोडा वर न्या, नाही तर आखडून बसेल. भिंतीवर बोटं चालवत न्यायची असं काहीतरी. बाईंना भिंत पसंत पडली नाही. त्या रोज सकाळी स्टँडच्या कोपऱ्यात पडलेल्या मोडक्या गाडीत चढायच्या आणि उभ्या प्रवाशांसाठी वर जी दांडी असते ती धरायचा प्रयत्न करायच्या. खिडकीतून मला त्यांचं डोकं आणि वर वर जाणारा हात दिसायचा. मधूनच कळ आली की त्या रिकाम्या सीटांना उद्देशून शिव्या द्यायच्या. मग उतरून माझ्याकडे हिशेब द्यायला यायच्या.

"आज कानापरंत गेला."

"छान."

"छान काय. दांडी कानावर असते का?"

आता त्या पाकिटाची गोष्ट. नागपूरला आमची मुक्कामी गाडी जायची. तपासणीचा रिपोर्ट त्या गाडीच्या कंडक्टरने आणायचा असं बाईंनी ठरवून दिलं होतं. राठोड गेला, दवाखान्यातून पाकीट घेतलं, आणि गाडी इथे लागल्याबरोबर माझ्या खोलीत येऊन ते टेबलावर ठेवलं. बंद, डिंकाने चिकटवलेलं, वर इंग्रजीत बाईंचं नाव.

"तुम्ही द्या," राठोड म्हणाला.

"मी का? तुला सांगितलंय त्यांनी."

"या रस्त्यानं मी लय निरोप नेले, साहेब. हा नाही नेत."

"अरे, पण आत काय आहे ते कुठं माहीत आहे तुला?"

"म्हून तं नाही नेत."

मी त्याला नियम सांगितला. माझं काम खिडकीच्या आतलं, गाडीतून आलेली वस्तू पोचवायचं काम कंडक्टरचं. नियम बरोबरच होता. राठोडने पाकीट उचललं, गाडीत नेऊन ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच्याबरोबर परत नागपूरला गेलं. परत आलं तेव्हा त्याने ते मुळेला दिलं. मुळेने आणखी एक फेरी मारली. त्याने सलीमभाईंना विनवलं, सलीमभाई म्हणाले, "मेरे से नहीं होगा, मैं तो उनकी तरफ देख भी नहीं सकता." असं करत करत ते पाकीट आमच्या डेपोच्या एकूण एक माणसाच्या हातून गेलं आणि कुणाच्याच हातून पोचलं नाही. एरवी असा निरोप आम्ही विमलबाईंकडे दिला असता. पण विमलबाईंचाच निरोप कुणाकडे द्यायचा, याची रीत आमच्याकडे नव्हती.

इकडे बाई रोज विचारायच्या, "आला का?" आणि आम्ही सगळे नाही म्हणून मान हलवायचो. बाईंचा राग नागपूरवर निघायचा. "एवढीशी गाठ. तपासून राह्यले का तिची जत्रा भरवून राह्यले?" पण जाताना त्या खिडकीपाशी जरा जास्त रेंगाळू लागल्या होत्या. केळीवाल्या बाया येईनाशा झाल्या होत्या. घरी जाऊन काय करायचं, हे त्या बोलल्या नाहीत, मलाही विचारायला सुचलं नाही.

एके सकाळी ती मोडकी गाडी वर्कशॉपला ओढून नेली. बाई व्यायामाला आल्या, जागा रिकामी. शेजारी नागपूरची गाडी धुऊन उभी होती, तिच्यात चढल्या. मी बघत होतो. हात कानाच्या वर गेला, डोक्याच्या वर गेला, आणि बोटांनी दांडी पकडली. बाई तशाच उभ्या राहिल्या. मग बहुधा आणखी किती जातो बघावं म्हणून त्यांनी ड्रायव्हरमागे उंच लावलेल्या प्रथमोपचार पेटीकडे हात नेला. त्या पेटीत कापसाचा बोळाही कधी नसतो, त्यामुळे ती कुणी उघडत नाही. म्हणूनच फिरून फिरून परत हाती आलेलं पाकीट राठोडने तिथे ठेवलं होतं. झाकण उघडलं आणि ते बाईंच्या पायाशी पडलं.

थोड्या वेळाने त्या माझ्या खिडकीत होत्या. मागे राठोड, सलीमभाई. सलीमभाई वेळापत्रकाच्या फळ्याकडे बघत होते.

"कधीचं फिरून राह्यलं हे?"

त्यांनी पाकीट खिडकीच्या फळीवर आपटलं.

"नागपूर, यवतमाळ, इकडं, परत नागपूर. अन तिकीट कोणी काढलं याचं? का फुकट हिंडवलं?"

राठोडच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चांगला मिशावाला माणूस. "बाई, आमच्यानं झालं नाही."

"रड," बाई म्हणाल्या. "हे स्टँड आहे. इथं चालते." त्यांचा स्वत:चा आवाज मात्र कोरडा होता. "तुमी मले घाबरले का त्या कागदाले? कागदात जे आहे ते माह्या अंगात आहे. मी नाही घाबरून राह्यली अन तुमी कायले?"

पाकीट त्यांनी फोडलं नाही. आपल्या नावापलीकडे इंग्रजी येत नव्हतं आणि आमच्याकडून वाचून घ्यायचं नव्हतं. मी खिडकी बंद केली, असं मी नोकरीत कधी केलं नव्हतं, आणि त्यांच्याबरोबर गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वाटेत बाईंनी डावा हात पदराखाली उजव्या हाताने गच्च धरलेला होता.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, परत वाचला. "गाठ चांगली नव्हती, विमलबाई. कॅन्सरचीच होती. पण पूर्ण निघाली आहे. कडा साफ आहेत, काखेतही काही नाही. आता नागपूरला जाऊन मशीनवर किरणांचे शेक घ्यावे लागतील, रोज, काही आठवडे. छाती काढायची गरज नाही."

"अन ड्यूटी?"

"शेक झाल्यावर. हात चांगला आहे तुमचा. कसला व्यायाम केलात?"

"दांडीचा," बाई म्हणाल्या.

आम्ही परत आलो तेव्हा बाजाराचा दिवस असल्याने स्टँड फुलून गेलं होतं. बाई माझ्या मागोमाग सरळ खोलीत शिरल्या. तिथे नियंत्रकाशिवाय कुणी यायचं नसतं, तशी पाटी आहे. मी काही म्हणायच्या आत त्यांनी माइक ओढला आणि बटण दाबलं.

"प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं. मी विमल, कंडक्टर. माह्या छातीत कॅन्सरची गाठ होती. काढली. बाकी सारं साफ आहे. बाया जमल्या आहेत तं सांगून ठेवते, घरी जाऊन आपल्या आपल्या छातीले हात लावून पाहा. गाठ लागली तं दवाखान्यात जा, लाजू नका. या जिल्ह्यात मरायच्या रांगेत लय गर्दी झाली. मी त्या रांगेत उभी राहत नाही. तुमी पण राहू नका. नागपूरवाल्याइनं आपलं सामान सांभाळावं."

भजीवाल्याचा झारा थांबला. मग एका बाकड्यावरची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "बरं झालं वं माय," आणि सगळीकडून एकदम बोलणं सुरू झालं. राठोड आणि सलीमभाई काचेबाहेर उभे होते. सलीमभाई पहिल्यांदाच सरळ बाईंकडे बघत होते.

मी माइक बंद केला. मला खरं तर राग आला होता. सरकारी माइक आहे, काही पद्धत आहे. म्हणालो, "बाई, असं सगळ्या गावाला ओरडून सांगायची काय गरज होती?"

बाई माझ्या खुर्चीत बसल्या. त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं होतं.

"चांगली बातमी होती, भाऊ," त्या म्हणाल्या. "वाटलं, कोणाले तरी पटकन सांगावं. अन घरी कोणाले सांगत होती मी?"

बाहेर पुसदची गाडी फलाटाला लागली. ती पुकारायची होती. मी बटण दाबलं, तोंड उघडलं, पण आवाज काही फुटेना. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, माइक स्वतःकडे वळवला आणि पुसदची गाडी पुकारली.